पहिली गाडी घेताना: डिझेल, इलेक्ट्रिक आणि कराचा हिशेब

"डिझेल आता बंद होणार म्हणे" आणि "इलेक्ट्रिकला टॅक्सच नाही" या दोन वाक्यांवर विसंबून गाडी बुक करणारे पुष्कळ भेटतात. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत. महाराष्ट्रात डिझेल गाडी बंद करण्याची कुठलीही तारीख ठरलेली नाही, आणि इलेक्ट्रिकची करमाफी कायमची नाही, तिला मुदत आहे. गाडी आपण आठ-दहा वर्षं वापरतो, कराचे नियम दर बजेटला हलतात. म्हणून आज कागदावर जे आहे त्यावर हिशेब करायचा, आणि उद्या सवलत गेली तरी तो कोसळणार नाही एवढं पाहायचं.

हा लेख महाराष्ट्रात पासिंग होणाऱ्या, खासगी वापराच्या पहिल्या चारचाकीसाठी आहे. टॅक्सी, टेम्पो, पिकअप यांचं गणित वेगळं.

पायरी १: आधी रनिंग लिहून काढा

शोरूममध्ये जाण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. महिन्याला किती किलोमीटर होतील, त्यातले शहरात किती आणि हायवेला किती, आणि रात्री गाडी उभी कुठे राहणार.

रनिंगचा आकडा बहुतेक जण फुगवून सांगतात. घर ते ऑफिस अंतर गुणिले दोन, गुणिले कामाचे दिवस, वर गावच्या फेऱ्या, एवढंच धरा. "कधीतरी लडाखला जाऊ" हे रनिंगमध्ये येत नाही.

महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर आणि तेही शहरातलेच असतील, तर डिझेलचा विचार इथेच सोडा. कारण पाचव्या पायरीत आहे. पार्किंग हक्काचं नसेल, गाडी रस्त्यावर लागत असेल, तर इलेक्ट्रिकबद्दल थोडं थांबून विचार करा. दोन्ही बाजूंनी अडकलात, तर पेट्रोल किंवा सीएनजी घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पायरी २: कोटेशन फोडून घ्या

सेल्समन 'ऑन-रोड' आकडा सांगतो, म्हणजे कर-विम्यासकट एकूण किंमत. त्यावर मान डोलवू नका. कोटेशन कागदावर मागा आणि प्रत्येक ओळ वेगळी वाचा.

पहिली ओळ एक्स-शोरूम किमतीची. जीएसटी तिच्या पोटातच असतो, म्हणून तो दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवर १८ टक्के आणि बाकीच्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. डिझेलच्या बाबतीत 'लहान' म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १५०० सीसीपर्यंत. यातली एक अट जरी मोडली तरी गाडी थेट ४० टक्क्यांत जाते. इलेक्ट्रिकवर मात्र सरसकट ५ टक्के, मग ती आठ लाखांची असो नाहीतर ऐंशी लाखांची. हा दर १ ऑगस्ट २०१९ पासून आहे, त्याआधी १२ टक्के होता.

दुसरी ओळ आरटीओची, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन कराची. हा एकरकमी भरायचा आणि खासगी गाडीला पंधरा वर्षं चालतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११, १२ आणि १३ टक्के, डिझेलला १३, १४ आणि १५ टक्के. टप्पे दहा लाखांपर्यंत, दहा ते वीस आणि वीसच्या वर असे. सीएनजीला सगळ्यात कमी पडतो, पण १ जुलै २०२५ पासून त्यातही एक टक्क्याची भर पडली. गाडी कंपनीच्या नावावर घेतलीत तर दर थेट २० टक्के. छोट्या प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांनी सीएच्या सांगण्यावरून कंपनीच्या नावाने गाडी घेण्याआधी हा फरक एकदा मांडून पाहावा. इलेक्ट्रिकच्या कोटेशनवर या ओळीत कर शून्य हवा. नोंदणी फी आणि नंबरप्लेट अशा किरकोळ रकमा तिथे असू शकतात, पण 'आरटीओ' या नावाखाली मोठा आकडा दिसला तर तो कशाचा, हे लिहून मागा.

तिसरी ओळ बरेच जण डीलरचा जादा चार्ज समजतात: टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का कापला जातो. हे पैसे तुमच्या पॅनवर जमा होतात आणि इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळते करून घेता येतात. अट एकच, रिटर्न भरायला हवं.

विमा: नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. इलेक्ट्रिकला थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सूट असते, पण गाडीची किंमत जास्त असल्यामुळे बाकीचा हप्ता ती सूट खाऊन टाकतो. विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्ती नाही.

'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'डेपो चार्ज' अशा ओळी दिसल्या तर सरळ काट मारा. इलेक्ट्रिक घेताना आणखी एक विचारा, जाहिरातीतली किंमत बॅटरीसकट आहे की बॅटरी भाड्याने. भाड्याच्या योजनेत आकडा लोभस दिसतो, पण किलोमीटरमागे पैसे चालू राहतात.

आणि हो, "लोनच्या व्याजावर दीड लाखाची सूट मिळते" असं कोणी सांगितलं तर ते आयकर कायद्याच्या कलम ८०ईईबीबद्दल बोलत आहेत. ती सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. आज घेतलेल्या कर्जाला ती लागू नाही.

पायरी ३: सगळं किलोमीटरवर आणा

आता एक उदाहरण. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

डिझेलची चार मीटरच्या आतली एसयूव्ही, एक्स-शोरूम १२ लाख. राज्याचा कर १४ टक्के, म्हणजे १,६८,००० रुपये. एकूण १३,६८,०००. त्याच वर्गातली इलेक्ट्रिक १५ लाख, कर शून्य. फरक १,३२,००० रुपयांचा. विमा आणि टीसीएस दोन्हींना आहेत, ते बाजूला ठेवू.

डिझेल ९० रुपये लिटर आणि ॲव्हरेज १८ धरलं तर किलोमीटरला ५ रुपये. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला खऱ्या रस्त्यावर साधारण सात किलोमीटर जाते. कंपनीचा रेंजचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, तो इथे घेऊ नका. चार्जिंग होताना थोडी वीज वाया जाते, तीही धरली तर हजार किलोमीटरला साधारण १६५ युनिट लागतात. घरची वीज १५ रुपये युनिट पडली तर २,४७५ रुपये, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये.

किलोमीटरमागे अडीच रुपये वाचले, तर वरचा १,३२,००० चा फरक भरून यायला सुमारे ५३,००० किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला साडेचार वर्षांच्या आसपास, आणि पाचशे चालवणाऱ्याला नऊ वर्षं. हीच गाडी कायम बाहेरच्या चार्जरवर २२ रुपये युनिटने चार्ज केली तर किलोमीटरचा खर्च साडेतीन रुपयांच्या पुढे जातो आणि तेच अंतर ९०,००० किलोमीटरच्याही पलीकडे सरकतं. त्यामुळे मॉडेल कुठलं यापेक्षा चार्जिंग कुठे, हा प्रश्न मोठा आहे.

टोल विसरू नका. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा कारचा टोल एका बाजूला ३२० रुपये. महिन्यात दोनदा जाऊन-येऊन करणाऱ्याचे वर्षाला १५,३६० रुपये होतात. राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. अंमलबजावणी ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूपासून सुरू झाली. पुण्यात राहून मुंबईत काम असणाऱ्याचं गणित एवढ्याने पालटू शकतं. शहरातल्या शहरात एवढीच धाव असणाऱ्याला याचा फारसा उपयोग नाही.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १२ लाखांच्या डिझेलमधून १८ टक्के जीएसटी काढला तर गाडीची मूळ किंमत सुमारे १०.१७ लाख उरते. १५ लाखांच्या इलेक्ट्रिकमधून ५ टक्के काढले तर १४.२९ लाख. म्हणजे दोन गाड्यांत खरा फरक चार लाखांहून जास्त आहे. शोरूममध्ये तो तीन लाख दिसतो आणि आरटीओपर्यंत पोचता पोचता १.३२ लाखांवर येतो. मधली सगळी रक्कम सरकारने सोडलेली आहे. जी सोडली ती परतही मागता येते, त्याबद्दल सहाव्या पायरीत.

पायरी ४: मीटर आणि पार्किंग

इलेक्ट्रिक ठरवली असेल तर गाडी बुक करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन गोष्टी तपासून घ्या: मंजूर लोड किती, अर्थिंग नीट आहे का, आणि मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल कशी जाणार. अर्थिंग कमजोर असेल तर गाडीसोबत येणारा चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही, नुसता लाल दिवा दाखवतो. जुन्या इमारतींत हे हमखास होतं, आणि दोष गाडीला दिला जातो.

घरच्या मीटरवर गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही. पण बिलाचे टप्पे बघा. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांवर चढतात. घरात आधीच अडीचशे युनिट जळत असतील तर गाडीचे बहुतेक सगळे युनिट वरच्या टप्प्यात पडतात. म्हणून बिलाची सरासरी काढून गाडीचा खर्च मांडू नका, वरच्या टप्प्याचा दर घ्या. दरपत्रकात विद्युत वाहन चार्जिंगसाठी वेगळा वर्ग आहे. त्या वर्गात दुसरा मीटर घ्यायला परवडतो का, हे तुमच्या वीज कंपनीच्या कार्यालयात विचारा. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा असेल तर त्यांचं दरपत्रक वेगळं. स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे सवलत आहे. नेमक्या त्याच वेळेत बहुतेकांची गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते, हा भाग वेगळा.

सोसायटीत असाल तर कमिटीला लेखी अर्ज द्या, तोंडी नको. सोबत इलेक्ट्रिशियनचा आराखडा, लोडचा तपशील आणि "खर्च माझा, वीज माझ्या मीटरची" हे एक वाक्य जोडा. बहुतेक भांडणं विजेच्या बिलावरून होतात, आगीची भीती नंतर पुढे केली जाते. आणखी दोघा-तिघांना इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर मिळून एकच अर्ज करा, एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षा तो लवकर हलतो.

पायरी ५: डिझेल घ्यायचीच असेल तर

डिझेल स्वस्त होतं तो काळ गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि पेट्रोलशी असलेली मोठी तफावत आटत गेली. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचं नवं मानक आलं, धूर स्वच्छ करण्याची यंत्रणा महागली आणि मारुतीने डिझेल कारच बंद केल्या. हॅचबॅकमध्ये डिझेल आता जवळजवळ मिळत नाही. महिंद्रा, टाटा, ह्युंदाई, किया, टोयोटा यांच्या एसयूव्ही आणि मोठ्या गाड्यांत मात्र ते टिकून आहे, कारण घाटात भरलेली गाडी ओढायला डिझेलचा जोर लागतोच.

बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडी ती स्वतः जाळून टाकते, पण त्यासाठी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने गाडी पळावी लागते. रोज चार किलोमीटर सिग्नलमध्ये रखडत जाणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. साताऱ्याहून आठवड्याला मुंबई करणाऱ्याला हा त्रास होत नाही. म्हणून डिझेल महिन्याला पंधराशेच्या पुढे आणि त्यातही हायवे जास्त असणाऱ्यानेच घ्यावी, असं माझं मत आहे. काही मॉडेलना डिझेलखेरीज ॲडब्लू नावाचं द्रावणही भरावं लागतं, तो खर्च विचारून घ्या.

पायरी ६: 'बंद होणार' आणि 'माफ आहे' यांच्या तारखा तपासा

डिझेलबंदीची अफवा कुठून आली ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर आली की ओळखू येईल. मे २०२३ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या सल्लागार समितीची एक शिफारस बाहेर आली: दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेल चारचाकी बंद कराव्यात. ती शिफारस होती, निर्णय नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नितीन गडकरी डिझेल गाड्यांवर १० टक्के जादा जीएसटीबद्दल बोलले आणि त्याच दिवशी 'तसा प्रस्ताव विचाराधीन नाही' असा खुलासाही त्यांनी केला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे तपासायला सांगितलं आणि राज्याने समिती नेमली.

दिल्लीत मात्र गोष्ट कागदावरच राहिली नाही. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी २०१५ मध्ये हरित लवादाने आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांना दिलासा दिला. यातून घेण्यासारखं एवढंच: बंदी आलीच तर ती जुन्या मानकांवर आधी येते. आज घेतलेली बीएस-६ गाडी त्या रांगेत शेवटी उभी असेल.

आता माफीकडे. महाराष्ट्राचं सध्याचं धोरण २९ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळात मंजूर झालं आणि त्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. करमाफी, टोलमाफी सगळं त्या चौकटीत. त्याच्या महिना-दीड महिना आधी, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात, ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव आला होता. मुख्यमंत्री फडणवीसांनी तो विधान परिषदेत मागे घेतला. मागे घेतला, पण कल्पना कुणाच्या तरी फायलीत आहे हे कळलं. शेजारच्या कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना १० टक्के कर लावलाही. बेळगाव-निपाणीत पासिंग करणाऱ्यांनी महाराष्ट्राचे आकडे धरून चालू नये.

सरकारला हे का करावं लागेल, ते एका लिटरमध्ये दिसतं. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला १७ रुपये ८० पैसे झालं. त्यावर महाराष्ट्राचा २१ टक्के व्हॅट, म्हणजे ९० रुपयांच्या लिटरमध्ये साधारण पंधरा रुपये. दोन्ही मिळून तेहेतीसच्या आसपास. त्या दरांनी, १८ च्या ॲव्हरेजने, डिझेलवाला प्रत्येक किलोमीटरला सुमारे १ रुपया ८० पैसे कर देतो. घरी चार्ज करणारा इलेक्ट्रिकवाला घरगुती विजेवरच्या १६ टक्के शुल्कापुरता, म्हणजे तीस-पस्तीस पैसे. रस्ता दोघेही तेवढाच वापरतात.

ही तूट ज्या देशांत आधी जाणवली त्यांनी किलोमीटरवर बोट ठेवलं. न्यूझीलंडमध्ये १ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाडीला दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर रस्ता शुल्क आहे. डिझेलवाले तिथे ते आधीपासून भरत होते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं की एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक कारला मैलाला ३ पेन्स लागतील. आपल्या हिशेबात किलोमीटरला दोन रुपयांच्या थोडं वर. नॉर्वेने २०२३ पासून महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांवर व्हॅट सुरू केला.

भारतात असं काही जाहीर झालेलं नाही आणि रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या अजून थोड्या आहेत, त्यामुळे लगेच होईल असं मला वाटत नाही. पण तिसऱ्या पायरीतलं गणित एकदा या अंगानेही करा: २०३० नंतर किलोमीटरला एक रुपया रस्ता कर लागला तर? वाचणारे अडीच रुपये दीडवर येतील. तरीही गाडी परवडत असेल तर निर्धास्त घ्या. एकरकमी कर मात्र नोंदणीच्या दिवशीच्या नियमाने लागतो, त्यामुळे मुदतीच्या आत पासिंग झालेल्या गाडीला ती माफी मिळालेलीच राहते. बुकिंगची तारीख नव्हे, नोंदणीची तारीख. मार्चअखेरीला डिलिव्हरी लांबवणाऱ्या डीलरला हे आठवण करून द्या.

पायरी ७: बदलीची नोकरी आणि जुनी गाडी

बदली होणारी नोकरी असेल आणि बीएच नंबरला (राज्य बदललं तरी चालणारा 'भारत' सिरीजचा नंबर) पात्र असाल, तर तिथला कर दर दोन वर्षांनी हप्त्याने भरायचा असतो. दहा लाखांपर्यंत ८ टक्के, वीसपर्यंत १०, पुढे १२ या दरांवर तो मोजतात. डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन टक्के कमी. कमी, पण शून्य नाही. महाराष्ट्रातच राहणार असाल तर इलेक्ट्रिकला बीएच घेणं म्हणजे माफ असलेला कर हौसेने भरणं.

सेकंड हँड डिझेल घेताना आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बीएस मानक आणि पहिल्या नोंदणीची तारीख पाहा. दिल्ली-हरियाणाच्या आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या इथे फार स्वस्तात विकायला येतात. मूळ आरटीओची एनओसी नसेल तर व्यवहार करू नका, आणि इथे पुन्हा नोंदणी करताना महाराष्ट्राचा कर भरावा लागेल तो किमतीत मिळवा. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर असतो. वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे.

सेकंड हँड इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीची वॉरंटी तुमच्या नावावर होते का, हे लेखी घ्या. काही कंपन्यांची 'आयुष्यभराची' वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते.

पायरी ८: गाडी दारात आल्यावर

कराची पावती डीलरकडे ठेवू नका, परिवहनच्या साइटवरून स्वतः उतरवून घ्या. इलेक्ट्रिकची नंबरप्लेट हिरवी आणि त्यावर पांढरी अक्षरं हवीत. पिवळी अक्षरं भाड्याच्या गाडीची. पीयूसी इलेक्ट्रिकला लागत नाही, डिझेलला पहिल्या वर्षानंतर लागतं.

फास्टॅग बऱ्याचदा चासी नंबरवर दिलेला असतो. गाडीचा नंबर आला की बँकेच्या ॲपमध्ये आरसी अपलोड करून तो जोडा, नाहीतर टोलनाक्याला तुमची गाडी इलेक्ट्रिक आहे हे कळणारच नाही. माफी सुरू झाल्यावरही इलेक्ट्रिक गाड्यांचे पैसे कापले गेल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. तेव्हा अटल सेतू किंवा एक्सप्रेसवेवरून पहिल्यांदा गेलात की घरी आल्यावर फास्टॅगचा मेसेज उघडा. रक्कम कापलेली दिसली तर नाका, वेळ आणि आरसीची प्रत जोडून बँकेकडे लगेच तक्रार टाका. वार्षिक पास मात्र टोल वाचवायला म्हणून घाईने काढू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांना सुरू झालेला तो पास राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांसाठी आहे, एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर चालत नाही.